७० युनिक्स सर्व्हर, प्रत्येकावर वेगळी खाती : सगळं एका जागी कसं आणावं?

विक्रोळीकर

नमस्कार मंडळी.

आमचं मुख्य कार्यालय विक्रोळीला. सर्व्हर दोन ठिकाणी आहेत, थोडे कार्यालयातल्या सर्व्हर रूममध्ये आणि बाकीचे महापेला डेटा सेंटरमध्ये. मिळून ७०च्या आसपास. बहुतेकांवर रेड हॅट लिनक्स, त्यातही आवृत्ती ७, ८ आणि ९ अशी सरमिसळ. काही उबुंटू (तेही लिनक्सच), चार एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) आणि दोन सोलारिस (मूळ सनचं युनिक्स). सोलारिसवर जुने हिशेब आहेत, त्यामुळे ते बंद करता येत नाहीत.

खाती प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र. नवीन माणूस आला की त्याला लागतील त्या सर्व्हरवर जाऊन युझरॲड कमांडने खातं उघडायचं. माणूस सोडून गेला की एचआरची मेल येते आणि मग जिथे जिथे त्याचं खातं असेल असं वाटतं तिथून काढायचं. या वर्षीच्या ऑडिटमध्ये नोकरी सोडून वर्ष उलटलेल्या लोकांची खाती काही सर्व्हरवर चालू सापडली. लॉग तपासले, कुणी वापरलेली नाहीत. पण ‘वापरली नाहीत’ हे उत्तर देऊन मला स्वस्थ बसवत नाही. ज्या दारांच्या किल्ल्या बाहेर कुणाकडे आहेत हेच आपल्याला माहीत नाही, त्यांच्यामागे लोकांचे पगार आणि ग्राहकांची माहिती पडलेली आहे.

हे सगळं एका जागी आणायचं ठरवलंय. खाती मध्यवर्ती ठेवायच्या पद्धती बऱ्याच : कुणी म्हणतं एनआयएस सोपं आहे, कुणी एलडॅप, कुणी फ्रीआयपीए. विंडोजसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, मायक्रोसॉफ्टची खात्यांची मध्यवर्ती यादी) आमच्याकडे आहेच, मग वेगळं काही हवंच कशाला, असंही एक मत आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_सोलारिस

एनआयएस आधी बाजूला ठेवा. मी त्यावर अनेक वर्षं काम केलंय आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण आज नवीन बसवायची ती गोष्ट नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८५च्या सुमारास आणलं. तेव्हा नेटवर्कवरचा प्रत्येक जण ओळखीचा असायचा. पासवर्ड फाइलचा नकाशा मुख्य सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकीच्या यंत्रांनी तो मागवून वापरायचा, इतकी साधी रचना. हा नकाशा तारेवरून उघडा जातो. वायपीकॅट ही एक कमांड दिली की साध्या वापरकर्त्यालाही सगळ्यांची यादी मिळते, आणि जुन्या पद्धतीच्या मांडणीत पासवर्डच्या हॅशसकट (सांकेतिक रूपासकट) मिळते. पुढे सनने एनआयएस-प्लस आणलं, ते इतकं किचकट होतं की रुजलंच नाही. रेड हॅट ९मधून एनआयएस पूर्ण काढून टाकलंय, म्हणजे तुमच्या ९च्या यंत्रांवर ते चालणारही नाही.

आता थोडं मुळापासून सांगतो, कारण पुढचे सगळे घोळ इथेच होतात. लॉगिनच्या वेळी युनिक्स दोन वेगळे प्रश्न विचारतं. पहिला : या नावाचा माणूस आहे का, त्याचा क्रमांक काय, गट कोणते, होम डिरेक्टरी (त्याच्या फाइलींचं फोल्डर) कुठे? याचं उत्तर एनएसस्विच फाइल सांगेल तिथून येतं. दुसरा : समोरचा खरंच तोच आहे का, आणि त्याला आत्ता आत येऊ द्यायचं का? हे काम पॅम या ओळख तपासणाऱ्या सोयीचं. दोन्ही सोयी मूळ सनच्याच, आणि लिनक्सने त्या उचलल्या. केंद्रीकरण म्हणजे या दोन्ही प्रश्नांची उत्तरं प्रत्येक यंत्राने स्वतःच्या फाइलींतून न देता एका विश्वासू जागेकडून आणणं.

पहिल्या प्रश्नासाठी एलडॅप, म्हणजे खात्यांची मध्यवर्ती यादी (डिरेक्टरी) नेटवर्कवरून वाचायची पद्धत. ते १९९३मध्ये मिशिगन विद्यापीठात घडलं. युनिक्सची खाती त्यात कशी मांडायची याची रीत १९९८च्या आरएफसी २३०७ या तांत्रिक दस्तऐवजात ठरली : यूआयडी (वापरकर्त्याचा) क्रमांक, जीआयडी (गटाचा) क्रमांक, होम, शेल यांची ठरावीक नावं. म्हणूनच तुमचं एआयएक्स आणि सोलारिससुद्धा तीच डिरेक्टरी वाचू शकतं. दुसऱ्या प्रश्नासाठी कर्बेरॉस, एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलेलं. त्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही, ठरावीक मुदतीचं तिकीट मिळतं आणि ते दाखवून पुढची कामं होतात.

लिनक्सच्या बाजूला हे दोन्ही एसएसएसडी हा सतत चालू असणारा प्रोग्राम सांभाळतो. फ्रीआयपीए म्हणजे एलडॅप सर्व्हर, कर्बेरॉस, प्रमाणपत्रं आणि डीएनएस (यंत्रांच्या नावांवरून पत्ते सांगणारी सेवा) यांची बांधलेली मोट. रेड हॅटची वर्गणी तुम्ही भरताच आहात, त्यात ते ‘आयडेंटिटी मॅनेजमेंट’ या नावाने मिळतं, वेगळा परवाना लागत नाही.

अंधेरीचा_ॲन्सिबल

काकांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. सगळ्यांची नावं, क्रमांक आणि एसएसएच कीज (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) एका गिट रिपॉझिटरीत ठेवा आणि ॲन्सिबल या अनेक सर्व्हरवर एकदम काम करणाऱ्या साधनाने प्रत्येक सर्व्हरवर ढकला. आमच्याकडे हेच आहे. मधला कुठलाही सर्व्हर बंद पडायची भीती नाही, कारण शेवटी खाती स्थानिकच असतात. कुणी काय बदललं त्याचा इतिहासही गिटमध्ये राहतो.

बेलापूरकर

तुमच्याकडे किती यंत्रं आणि किती माणसं, यावर ते अवलंबून आहे. पाच-दहा सर्व्हर आणि आठ जणांची टीम असेल तर मीही तेच करेन.

पण धागाकर्त्यांची अडचण माणूस गेल्यानंतरची आहे. प्लेबुक (ॲन्सिबलची कामांची यादी) चालवलं त्या क्षणी जो सर्व्हर बंद होता, किंवा जो यादीत घालायचाच राहिला होता, त्याच्यावर खातं तसंच राहतं. ऑडिटमध्ये सापडतात ती नेमकी असल्याच सर्व्हरवरची. इथे ‘काढून टाक’ हा निरोप सगळीकडे पोचावा लागतो. केंद्रीय पद्धतीत निरोप पोचवावाच लागत नाही, दर लॉगिनला सर्व्हर स्वतः विचारायला येतो.

आणखी एक गोष्ट इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने आज आपल्या सर्व्हरवर तपासावी. लिनक्सवर पासडब्ल्यूडी कमांडने खातं लॉक केलं की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. लॉक होतो तो पासवर्ड. त्या माणसाची एसएसएच की होम डिरेक्टरीत पडून असेल, तर पॅम वापरणाऱ्या नेहमीच्या मांडणीत तो कीने आरामात आत येतो. चेज कमांडने खात्याची मुदतच संपवली तर पॅम त्याला अडवतं. विक्रोळीकर, तुमच्या ‘काढलेल्या’ खात्यांपैकी किती नुसती लॉक केलेली आहेत ते बघा.

विक्रोळीकर

बेलापूरकर, तुमचं वाचून लगेच तपासलं. लॉक केलेली बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींच्या होममध्ये कीज आहेत. आज सगळ्यांची मुदत संपवली आणि कीज बाजूला काढल्या. मनापासून आभार.

जुना_सोलारिस काका, दोन प्रश्नांची फोड फार उपयोगी पडली. फ्रीआयपीएकडे मन झुकतंय. चाचणीसाठी एक सर्व्हर उभा करायला घेऊ का?

पवईकर

सर्व्हर उभा करायला एक दुपार पुरते. तो नंतर करा. आधी यूआयडी.

मी संगणन क्लस्टर सांभाळतो, तिथे सगळ्यांची होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटलेल्या डिस्कवर) आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा लांबण लागेल, पण वाचा.

कर्नलला (युनिक्सच्या गाभ्याला) नावं कळत नाहीत, क्रमांक कळतात. फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, १००५ असं लिहिलेलं असतं. एका सर्व्हरवर १००५ म्हणजे लेखा विभागातली व्यक्ती, दुसऱ्यावर तोच १००५ कंत्राटावर आलेला प्रोग्रामर. आजवर सर्व्हर वेगवेगळे होते म्हणून हे झाकलं गेलं. साध्या एनएफएसमध्ये तारेवरून हाच क्रमांक जातो, म्हणजे ज्या दिवशी हे दोन सर्व्हर एकच शेअर माउंट करतील त्या दिवशी एकाच्या फाइली दुसऱ्याच्या होतात. कुठेही एरर येत नाही, कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाही.

म्हणून पहिलं काम : प्रत्येक सर्व्हरवरून पासवर्ड फाइल आणि ग्रुप फाइल गोळा करा आणि एका तक्त्यात मांडा. एक माणूस, त्याचं प्रत्येक सर्व्हरवरचं नाव, प्रत्येक सर्व्हरवरचा क्रमांक. रेड हॅट ६पर्यंत माणसांचे क्रमांक ५००पासून सुरू व्हायचे, ७पासून १०००पासून. जुन्या यंत्रांवरून श्रेणी वाढवत आलेल्या सर्व्हरवर ५०३, ५०४ असे क्रमांक अजून सापडतील, आणि आजच्या नियमाप्रमाणे १०००च्या खालचा भाग यंत्रणेच्या स्वतःच्या खात्यांसाठी राखीव आहे. सोलारिसवर तर माणसं १००पासून सुरू होतात.

दुसरं काम : नवे क्रमांक ठरवा. इथे मोह होतो की बहुतेक सर्व्हरवर जो क्रमांक आहे तोच ठेवावा, म्हणजे काम कमी. तसं करू नका. समजा एका सर्व्हरवर अ चा १००५ बदलून १००७ करायचाय आणि ब चा १००७ बदलून १००५. पहिली चोन (फाइलचा मालक बदलायची कमांड) चालवली की दोघांच्या फाइली १००७ वर एकत्र येतात, आणि मग त्या वेगळ्या करायला बॅकअपशिवाय मार्ग नाही. फ्रीआयपीए बसवताना ते स्वतःच दोन लाख क्रमांकांचा एक पट्टा खूप वरच्या आकड्यांत निवडतं. सगळ्यांनाच त्या पट्ट्यातला कोरा क्रमांक द्या. जुना आणि नवा कधीच एकमेकांत मिसळत नाहीत, आणि काम कुठे अर्धवट राहिलंय ते नुसता आकडा बघून कळतं.

तिसरं काम, प्रत्यक्ष बदल. युझरमॉड कमांडने क्रमांक बदलला तर ते फक्त त्या माणसाच्या होममधल्या फाइली आणि मेलबॉक्स बदलतं. बाकी डिस्कवर, डेटाच्या फोल्डरांत, टेंपमध्ये, स्पूलमध्ये पडलेल्या फाइली जुन्याच क्रमांकावर राहतात. त्या फाइंड कमांडने शोधायच्या. फाइंड एका वेळी एकाच फाइलसिस्टिमपुरतं मर्यादित ठेवा, नाहीतर ते माउंट केलेल्या एनएफएसमध्ये शिरेल आणि तेच काम प्रत्येक सर्व्हरवरून पुन्हा पुन्हा होत राहील. एनएफएसवरच्या फाइली एकदाच, मूळ सर्व्हरवर बसून बदला. सिमलिंकसाठी चोनला एच पर्याय द्या, नाहीतर लिंक तशीच राहून पलीकडची फाइल बदलेल. चोन केल्यावर सेटयूआयडीचे बिट (प्रोग्राम मालकाच्या हक्काने चालू देणाऱ्या खुणा) उडतात, त्यामुळे आधी त्यांची यादी करून ठेवा. एसीएल (फाइलवरच्या जादा परवानग्यांच्या याद्या) वापरत असाल तर त्यांतही क्रमांकच असतात, ते चोनने बदलत नाहीत. आणि हे सगळं करताना त्या माणसाचा एकही प्रोसेस चालू नको, कारण चालू प्रोसेस जुन्याच क्रमांकाने नव्या फाइली लिहीत राहतो.

शेवटी मालक नसलेल्या फाइली फाइंडच्या नोयूझर पर्यायाने काढा. गेलेल्या माणसांचा पसारा तिथे दिसेल.

जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता कायमचा जपून ठेवा. बॅकअपच्या टेपवर जुने क्रमांक आहेत. तीन वर्षांनी कुणी जुनी फाइल परत मागवली तर ती कुणाची, हे त्या तक्त्याशिवाय कळणार नाही. गेलेल्या माणसाचा क्रमांकही दुसऱ्या कुणाला देऊ नका. आकडे भरपूर आहेत.

नाहूर_टर्मिनल

हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. पवईकर, एनएफएसच्या १६ गटांच्या मर्यादेबद्दलही लिहा ना. एकाच ठिकाणी गट आले की लोक गटांची खैरात करतात आणि मग ही मर्यादा आडवी येते.

पवईकर

बरोबर. साध्या प्रमाणीकरणात एनएफएसच्या विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ पूरक गट जातात, त्यापुढचे गळतात. माणूस गटात आहे असं आयडी कमांड सांगते, तरी फोल्डर उघडत नाही. एनएफएसला कर्बेरॉस लावलं की ही मर्यादा राहत नाही आणि क्रमांकावर आंधळा विश्वासही राहत नाही. तोवर लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर गट सर्व्हरनेच शोधावेत असा पर्याय आहे, तो लावा.

शीवकरीण

मी डेटाबेस सांभाळते, त्या बाजूने लिहिते.

सगळी खाती केंद्रात आणायची या उत्साहात ओरॅकल, वेब सर्व्हर, बॅकअप एजंट यांची खाती कृपया एलडॅपमध्ये हलवू नका. डेटाबेस सुरू होताना त्याच्या मालकाचं खातं सापडलं नाही तर तो उठतच नाही. म्हणजे डिरेक्टरीपर्यंतचं नेटवर्क तुटलं म्हणून डेटाबेस बंद, अशी स्थिती येते. माणसं केंद्रात, यंत्रणेची खाती स्थानिक. फक्त त्या स्थानिक खात्यांचे क्रमांकही सगळीकडे सारखे करून घ्या, पवईकरांनी सांगितलेल्या कारणासाठीच.

आता खरं दुखणं. बहुतेक ठिकाणी ओरॅकल खात्याचा पासवर्ड आठ-दहा जणांना ठाऊक असतो आणि सगळे थेट त्याच नावाने आत येतात. हे तसंच ठेवलंत तर केंद्रीकरणाचा अर्धा फायदा गेला. माणूस सोडून जाईल, त्याचं स्वतःचं खातं बंद होईल आणि ओरॅकलचा पासवर्ड त्याच्या डोक्यात राहील. त्या खात्याला थेट लॉगिन बंद करा. प्रत्येकाने आपल्या नावाने यायचं आणि सुडूने (दुसऱ्या खात्याच्या हक्काने काम करू देणाऱ्या कमांडने) ओरॅकल व्हायचं. सुडूचे नियमही फ्रीआयपीएमध्ये केंद्रात ठेवता येतात, म्हणजे कुणाला कुठल्या सर्व्हरवर काय करायची मुभा आहे ते एका जागी दिसतं. ऑडिटडी (कोण काय करतं त्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) चालू असेल तर मूळ लॉगिन कुणाचं होतं तो क्रमांक सुडूनंतरही नोंदीत टिकतो. रात्री टेबल कुणी उडवलं, याचं उत्तर मिळतं.

लोकांची कुरकुर होईल, तरी मागे हटू नका. आमच्याकडे सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध डीबीए मंडळींचाच होता. आज त्यांनाच ते हवंय, कारण आपण न केलेल्या गोष्टीचा आळ आपल्यावर येत नाही.

बेलापूरकर

शीवकरीण ताईंशी शंभर टक्के सहमत.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा मुद्दा राहिलाय. एसएसएसडी थेट एडीला जोडता येतो आणि लिनक्सपुरतं ते छान चालतं. एडीतल्या एसआयडीवरून (विंडोजच्या ओळख क्रमांकावरून) तो गणिताने यूआयडी काढतो, त्यामुळे प्रत्येक लिनक्सवर तोच क्रमांक येतो. पण एआयएक्स आणि सोलारिसवर एसएसएसडी नाही, त्यांना हे गणित येत नाही. त्यांच्यासाठी एडीमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे यूआयडी लिहून ठेवावा लागेल. मग लिनक्सलाही गणित बंद करून तोच लिखित क्रमांक वाचायला सांगा. दोन पद्धती एकत्र ठेवल्या तर पवईकरांनी सांगितलेला गोंधळ नव्याने सुरू होईल.

दुसरा मार्ग म्हणजे युनिक्ससाठी फ्रीआयपीए आणि त्याचा एडीशी ट्रस्ट, म्हणजे एडीतली खाती मान्य करायची जोडणी. माणसं आणि पासवर्ड एडीतच राहतात. कुठल्या सर्व्हरवर कोण जाणार, सुडू, कीज हे फ्रीआयपीएमध्ये. जुन्या क्लायंटसाठी त्यात कंपॅट ट्री नावाची सोय आहे, तिथून एआयएक्स आणि सोलारिसला एडीतली माणसं आरएफसी २३०७च्या रूपात दिसतात. तुमच्याकडे विंडोजची टीम वेगळी आणि युनिक्सची वेगळी असेल तर मला हाच मार्ग बरा वाटतो. माणूस गेला की एडीत एकदा खातं बंद, आणि लॅपटॉपपासून एआयएक्सपर्यंत त्या पासवर्डची सगळी दारं बंद.

फ्रीआयपीए बसवल्यावर एक लक्षात ठेवा. त्यात ‘सगळ्यांना सगळीकडे परवानगी’ असा एक एचबॅक नियम (कुणी कुठल्या सर्व्हरवर यायचं ते ठरवणारा) आधीपासून चालू असतो. तो बंद केला नाही तर कालपर्यंत ज्याला दोनच सर्व्हरवर खातं होतं त्याला अचानक ७० सर्व्हर उघडे होतात. आधी स्वतःचे नियम लिहा, एचबॅक-टेस्टने तपासा, मग तो बंद करा. एआयएक्स-सोलारिसला एचबॅक समजत नाही, तिथे कोण येणार हे त्यांच्या बाजूला वेगळं बांधावं लागतं.

अंधेरीचा_ॲन्सिबल

माझा मुद्दा थोडा बदलतो. ७० सर्व्हर आणि त्यात एआयएक्स असेल तर केंद्रीय डिरेक्टरीच हवी, हे पटलं. पण ॲन्सिबल टाकून देऊ नका. एसएसएसडी बसवणं, एनएसस्विच आणि पॅम सारखं ठेवणं, यूआयडी बदलायची स्क्रिप्ट आधी नुसती दाखवण्यापुरती आणि मग खरी चालवणं, हे हाताने ७० वेळा करू नका.

जुना_सोलारिस

हे सोन्यासारखं बोललात.

एक जागा जिथे मी अनेकांना फसलेलं पाहिलंय : एनएसस्विचमध्ये क्रम सहसा ‘आधी फाइल्स, मग एसएसएस (म्हणजे एसएसएसडी)’ असा ठेवतात. पण त्याचा अर्थ असा की स्थानिक पासवर्ड फाइलमध्ये त्या माणसाची जुनी ओळ राहिली असेल, तर तीच जिंकते. क्रमांक तिथला आणि पासवर्ड स्थानिक शॅडो फाइलमधला. तुम्ही केंद्रात खातं बंद कराल, पडद्यावर ‘बंद’ दिसेल आणि तो माणूस जुन्या पासवर्डने आत येईल. म्हणून सर्व्हर केंद्राला जोडला की त्याच दिवशी स्थानिक ओळी काढा. गेटएंट कमांडला एसएसएस एवढंच विचारायला सांगितलं तर केंद्रातून काय येतंय ते कळतं, आणि नुसत्या गेटएंटशी ते ताडून पाहता येतं.

वेळेचंही बघा. कर्बेरॉसला घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, तिकीट नाकारलं जातं आणि लोक पासवर्ड चुकला समजून पुन्हा पुन्हा टाकत बसतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी लावायची आहेतच. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. सहा तासांत ‘हे कुणी केलं’ याचा माग काढायचा असेल तर ७० सर्व्हरवर एक माणूस एकाच नावाने आणि एकाच क्रमांकाने दिसायला हवा.

विक्रोळीकर

तक्ता तयार झाला. पवईकर, तुम्ही म्हणालात तेच निघालं. एकाच माणसाची तीन तीन नावं, एका क्रमांकावर वेगवेगळी माणसं, आणि ५०४ हा क्रमांक एका सामायिक एनएफएस शेअरवर दोन सर्व्हरवरच्या दोन वेगळ्या लोकांचा. त्या दोघांना एकमेकांच्या फाइली उघडता येत होत्या. त्यांतली एक व्यक्ती वेतनपत्रकं हाताळते. तो शेअर आजच वेगळा केला.

व्यवस्थापनापुढे हा तक्ता ठेवल्यावर मंजुरी लगेच मिळाली. फ्रीआयपीए आणि एडीचा ट्रस्ट, हा मार्ग ठरला.

आता मनात एकच भीती आहे. सगळं एका जागी आणलं आणि तीच जागा पडली तर? १२ ऑक्टोबर २०२० आठवतो. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तसा दिवस पुन्हा आला तर आम्ही आमच्याच सर्व्हरबाहेर अडकून पडणार नाही ना?

बेलापूरकर

भीती रास्त आहे आणि तिची तयारी आधीच करायची असते.

पहिलं, एक सर्व्हर कधीच नको. विक्रोळीत किमान एक आणि महापेला किमान दोन रेप्लिका (त्याच सर्व्हरच्या जुळ्या प्रती). फ्रीआयपीएमध्ये प्रत्येक रेप्लिकावर लिहिता येतं, आणि डीएनएसमधल्या नोंदींवरून एसएसएसडी जी जिवंत असेल तिच्याकडे वळतो. प्रमाणपत्रांची सेवा मात्र बसवताना एकाच यंत्रावर राहते, ती दुसऱ्यावरही मुद्दाम घाला.

दुसरं, एसएसएसडीची साठवण. पासवर्ड साठवायची मुभा दिली की केंद्र दिसत नसतानाही लॉगिन होतं. पण जो त्या यंत्रावर आधी कधी केंद्र चालू असताना आलाय त्यालाच. तीन वर्षांत त्या सर्व्हरवर न गेलेला माणूस नेमका संकटात तिथे जाऊ शकणार नाही. आणि उलट बाजू : या साठवणीला मूळ मांडणीत मुदत नसते. नेटवर्कवरून तुटलेल्या यंत्रावर गेलेला माणूस जुन्या पासवर्डने येऊ शकतो. दोन-तीन दिवसांची मुदत घाला.

तिसरं, रूट कायम स्थानिक, आणि त्याबरोबर एक आणीबाणीचं स्थानिक खातं. पासवर्ड लांब, प्रत्येक सर्व्हरचा वेगळा, सीलबंद पाकिटात तिजोरीत. एक प्रत विक्रोळीला, एक महापेला. पाकीट उघडलं की नोंद आणि लगेच नवा पासवर्ड. सर्व्हरची कन्सोलही एलडॅपवर अवलंबून ठेवू नका.

नाहूर_टर्मिनल

माणूस सोडून जातो तेव्हाचा क्रमही कुणीतरी लिहा. खातं बंद केलं की चालू सेशन संपतं का?

शीवकरीण

नाही संपत. खातं बंद केल्यावर नवीन लॉगिन थांबतं. स्क्रीन किंवा टीमक्स या प्रोग्राममध्ये उघडं ठेवलेलं सेशन चालूच राहतं, आणि घेतलेलं कर्बेरॉस तिकीट मुदत संपेपर्यंत चालतं. म्हणून बंद केल्यावर त्याच्या क्रमांकाचे प्रोसेस प्रत्येक सर्व्हरवर मारायचे, हे ॲन्सिबलचं काम. मग क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघायचं. गेलेल्या माणसाच्या क्रॉनवर महत्त्वाचा रिपोर्ट चालत असतो, हे आम्ही दर वेळी बघतो. ते काम यंत्रणेच्या खात्यावर हलवायचं.

खातं पुसू नका, बंद करून ठेवा. पुसलं की त्याच्या फाइलींवर नुसता आकडा उरतो आणि जुन्या लॉगमधलं नाव लावायला कुणी उरत नाही.

एचआरकडून येणारी मेल हा खरा कच्चा दुवा आहे. शेवटच्या दिवसाची तारीख एचआरच्या नोंदीत आधीच असते. ती तारीख खात्याची मुदत म्हणून डिरेक्टरीत आपोआप जावी, अशी व्यवस्था एचआरशी बसून करा. कंत्राटावरच्या लोकांना तर खातं देतानाच कंत्राटाच्या शेवटच्या तारखेची मुदत घालायची. मुदत वाढली तर ते स्वतःच येऊन सांगतात. गेलेला माणूस ‘माझं खातं बंद करा’ असं सांगायला कधीच येत नाही.

विक्रोळीकर

एचआरच्या मॅडमना भेटलो. त्या तारखांची यादी रोज रात्री द्यायला तयार आहेत, इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

आता पुढचा क्रम असा ठरवलाय. आधी चाचणीचे सर्व्हर, मग डेव्हलपमेंट, मग उबुंटू, मग महापेचे रेड हॅट. रेड हॅट ७ची नियमित देखभाल ३० जून २०२४ला संपलेली आहे, त्यामुळे त्यांची यूआयडी बदलायची मेहनत दोनदा न करता थेट ९वर नवीन सर्व्हर बांधून तिथेच नव्या क्रमांकांनी डेटा आणणार. एआयएक्स त्यानंतर. सोलारिस सगळ्यात शेवटी.

एक शंका. फ्रीआयपीएचे सर्व्हर आमच्या व्हर्च्युअल यंत्रांच्या क्लस्टरवर ठेवले तर चालेल ना?

जुना_सोलारिस

चालेल, पण सगळे नकोत. तुमच्या त्या क्लस्टरच्या व्यवस्थापनाचं लॉगिन एडीवर आहे का ते आधी बघा. एडीही त्याच क्लस्टरवर, फ्रीआयपीएही तिथेच, डीएनएसही तिथेच. वीज जाऊन सगळं एकदम बंद पडलं की क्लस्टर सुरू करायला लॉगिन हवं, लॉगिनला एडी हवी, एडीला क्लस्टर हवा. एक रेप्लिका वेगळ्या साध्या यंत्रावर ठेवा, स्वतःच्या डीएनएससह, आणि क्लस्टरलाही एक स्थानिक खातं असू द्या.

सुरू करायचा क्रम कागदावर छापून दोन्ही ठिकाणच्या सर्व्हर रूममध्ये लावा : नेटवर्क, एनटीपी, ती साध्या यंत्रावरची रेप्लिका, मग क्लस्टर, मग एडी आणि उरलेल्या रेप्लिका, मग एनएफएस, मग डेटाबेस, मग बाकीचे. एखाद्या रविवारी खरंच सगळं बंद करून याच क्रमाने उठवून बघा.

सोलारिसच्या दोन यंत्रांसाठी एलडॅप-क्लायंटची मांडणी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पाहून देतो. तिथे टीएलएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र जुन्या पद्धतीच्या एनएसएस या प्रमाणपत्रांच्या डेटाबेसमध्ये घालावं लागतं, तिथे बरेच जण अडतात.

विक्रोळीकर

एडी क्लस्टरवरच आहे, आणि क्लस्टरचं लॉगिन एडीवर. रेप्लिकेसाठी एक जुना पण धडधाकट सर्व्हर मोकळा होतोय, तो घेतो. काका, व्यनि केलाय.